लहान मुलांचा ऑटिझम आणि थेरपीची निवड: नागपूरच्या आईबाबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा मुलगा आज नऊ वर्षांचा आहे. तो अडीच वर्षांचा असताना त्याला ऑटिझम असल्याचं कळलं. तेव्हापासून नागपुरातल्या ज्या ज्या वेटिंग रूममध्ये बसले, तिथे शेजारच्या आईने कधी ना कधी यातलाच एखादा प्रश्न विचारला. मी डॉक्टर नाही. तुमच्या मुलाचं निदान आणि औषध तज्ज्ञच ठरवतील. पण थेरपी निवडताना कुठे फसायला होतं आणि कुठे वेळ वाया जातो, हे मला पक्कं ठाऊक झालंय. ते इथे मांडते.

मुलगा दोन वर्षांचा झाला, अजून बोलत नाही. आजी म्हणते, "त्याचा बापही उशिराच बोलला, तू काहून घाबरतेस?" थांबायचं का?

थांबू नका. उशिरा बोलणारं प्रत्येक मूल ऑटिस्टिक नसतं, हे आजीचं खरं आहे. पण नुसते शब्द मोजून काही कळत नाही. हाक मारली की वळून बघतो का? हवं ते बोटाने दाखवतो का? आकाशातलं विमान दिसलं की आधी विमानाकडे आणि मग "तू पाहिलंस ना?" अशा नजरेने तुमच्याकडे बघतो का? टाटा करतो का? यातलं बरंच काही होत नसेल तर तपासणी करून घ्या. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून जोडलेले दोन शब्द नाहीत, किंवा आलेले शब्द गेले, यातलं काहीही असलं तर आजच वेळ घ्या. आलेले शब्द जाणं ही तर कुठल्याही वयात दुर्लक्ष न करण्याची गोष्ट.

आमच्याकडे तान्हा पोळ्याला ते दिसलं. सव्वादोन वर्षांच्या पोराच्या हातात लाकडी नंदी दिला होता. गल्लीतली बाकीची पोरं दोरी धरून नंदी ओढत घरोघरी बोजारा मागत होती. याने नंदी उलटा केला आणि ओट्यावर बसून चाकं फिरवू लागला. एक चाक जरासं अडकायचं. तेच तो पुन्हा पुन्हा बोटाने ढकलायचा, डोळा अगदी चाकाला टेकवून. मी चार हाका मारल्या, मान वळली नाही. लांब कुठेतरी फटाका वाजला तेव्हा मात्र दोन्ही हात कानांवर गेले. कान चांगले होते. माझी हाकच त्याच्यापर्यंत पोचत नव्हती.

निदान कोण करतं? नागपुरात कुठे जायचं?

विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, मुलांचे मेंदूविकारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांचं हे काम. आपल्याकडे मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आहेत, मिहानमध्ये एम्स आहे, दिव्यांगांसाठीचं केंद्र सरकारचं सीआरसीही शहरात आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि त्यातून मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे डीईआयसीकडे पाठवतात. अंगणवाडीताईंकडे याची चौकशी करा. काटोल-रामटेककडून येणाऱ्या घरांना हा रस्ता खूप सोपा पडतो.

रक्ताच्या तपासणीत किंवा एमआरआयमध्ये ऑटिझम दिसत नाही. मुलाला खेळताना बघून आणि तुमच्याशी सविस्तर बोलून निदान होतं. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची २० प्रश्नांची चाळणी आहे, पण ती चाळणीच आहे, तिच्यावरून निदान ठरत नाही. तीन वर्षांनंतर आपल्याकडे आयएसएए ही भारतीय मोजपट्टी वापरतात. प्रमाणपत्रासाठीही तीच लागते.

एक मात्र थेरपी सुरू होण्याआधी कराच: श्रवणतपासणी, म्हणजे ओएई किंवा बेरा. ऐकू न येणाऱ्या मुलाला सहा महिने "इकडे बघ" शिकवत राहणं हा त्याच्यावर अन्याय आहे. जोडीला दात, बद्धकोष्ठता, झोप, लोह आणि फिट्स यांबद्दलही डॉक्टरांशी बोलून घ्या. दाढ ठणकत असलेलं मूल ते सांगू शकत नाही, डोकं आपटतं. मग आपण त्याला बिहेवियर म्हणतो.

थेरपीने ऑटिझम बरा होतो का?

नाही. ऑटिझम हा ताप नाही की उतरेल. मेंदूची जडणघडणच वेगळी असते आणि ती आयुष्यभर सोबत राहते. थेरपीने बदलतं ते रोजचं जगणं: तहान लागली हे सांगता येणं, केस कापून घेता येणं, दुसऱ्या मुलासोबत दहा मिनिटं खेळता येणं. काही मुलं खूप पुढे जातात, काहींना मोठेपणीही बरीच मदत लागते. दोन वर्षांच्या मुलाकडे बघून हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. "सहा महिन्यांत नॉर्मल करून देतो" असं जिथे ऐकाल, तिथून त्याच पावली परत या.

स्पीच, ओटी, एबीए, स्पेशल एज्युकेशन... आधी काय घ्यायचं?

थेरपीच्या नावापासून सुरुवात करू नका, मुलाच्या अडचणीपासून करा. आज घरात सगळ्यात जास्त कशाने अडतंय? त्याला हवं ते सांगता येत नाही म्हणून रडारड होत असेल, तर संवाद पहिला. मिक्सरचा आवाज आणि नखं कापणं यातच दिवस जात असेल, तर ओटीपासून सुरू करा.

स्पीच थेरपी म्हणजे जीभ वळवण्याचे व्यायाम नव्हेत. चांगली स्पीच थेरपिस्ट आधी पाळीपाळीने खेळणं, खुणा करणं आणि मागणं शिकवते. शब्द त्यानंतर येतात. पोपटपंचीलाही ती थांबवत नाही. माझा मुलगा पाणी हवं असलं की "तुला पाणी पाहिजे?" असं माझ्याच सुरात म्हणायचा. मी रोज जे विचारायचे तेच तो मागणं म्हणून परत करत होता. हे मला थेरपिस्टने उलगडून सांगितलं, आणि त्या दिवसापासून मी विचारणं सोडून त्याच्या बाजूने "पाणी दे" म्हणायला लागले.

ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी: बटण लावणं, चमचा धरणं, संडासची सवय, आवाज आणि स्पर्श सोसणं. तिथल्या झोक्यांवर मुलं रमतात आणि ते पाहून बरं वाटतं. पण नुसत्या सेन्सरी इंटिग्रेशनचा, म्हणजे झोके, स्पर्श, हालचाल यांतून संवेदना सांभाळायला शिकवण्याचा, पुरावा कच्चा आहे. ब्रिटनमधल्या २०२२ च्या चाचणीत नेहमीच्या सेवेपेक्षा त्याचा ठळक फायदा दिसला नाही. झोका जरूर घ्या, पण "यातून पुढच्या तीन महिन्यांत तो काय करायला शिकेल?" हे विचारा.

एबीए, म्हणजे अप्लाइड बिहेवियर ॲनालिसिस, याबद्दल सगळ्यात जास्त वाद ऐकाल. यात कौशल्याचे छोटे छोटे तुकडे पाडून शिकवतात आणि जमलं की लगेच बक्षीस देतात. १९८७ मध्ये अमेरिकेत इव्हार लोव्हास यांनी आठवड्याला ४० तास अशी थेरपी दिलेल्या १९ मुलांचे निकाल छापले आणि जगभर तिचं नाव झालं. मुलांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते आणि त्या काळी ओरडणं, मांडीवर चापट मारणं हेही पद्धतीत होतं. आज मोठे झालेले अनेक ऑटिस्टिक लोक सांगतात की हात फडफडवणं दाबायला लावल्याने आणि जबरदस्तीने डोळ्यांत बघायला लावल्याने त्यांना त्रासच झाला. माझं मत असं: फडफडण्याने कुणाला इजा होत नसेल तर ते शिकवण्याचा विषयच नाही. हात धरून टेबलाशी बसवणारी एबीए मला नको.

लहान वयात आता खेळातून शिकवण्याच्या पद्धतींकडे कल आहे. सॅली रॉजर्स आणि जेराल्डिन डॉसन यांचं अर्ली स्टार्ट डेन्व्हर मॉडेल त्यातलंच. २०१० मध्ये १८ ते ३० महिन्यांच्या ४८ मुलांवर त्याची चाचणी झाली आणि भाषा व समज दोन्हींत फरक दिसला. शिकवणारी व्यक्ती मुलासोबत जमिनीवर बसते, त्याला आवडतं तेच घेऊन खेळते. नागपुरात याच नावाचं प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती मिळेलच असं नाही, पण याच वृत्तीने काम करणारी नक्की शोधता येते. पहिल्या भेटीत बघा: ती मुलाच्या उंचीवर येते का, की मुलाला खुर्चीत कोंबते?

आठवड्याला किती तास हवेत?

४० तासांचा आकडा डोक्यातून काढून टाका. २०२४ मध्ये लहान ऑटिस्टिक मुलांवरच्या अभ्यासांचा मोठा आढावा प्रसिद्ध झाला. जास्त तास दिले की जास्त फायदा होतो, असा ठोस संबंध त्यात सापडला नाही. तीन वर्षांचं मूल दुपारी झोपायला हवं, अंगणात मातीत खेळायला हवं. मे महिन्यात ४५ अंशांत त्याला स्कूटीवरून तीन सेंटर फिरवणारी मीही होते. दोन सेशन बंद केली तेव्हा त्याची झोप सुधारली, आणि झोप सुधारल्यावर उरलेल्या सेशनमध्ये तो शिकू लागला.

सेंटरवाले आईबाबांना बाहेर बसवतात. ते बरोबर आहे का?

नाही, आणि यावर मी अडून बसेन.

आम्ही ज्या पहिल्या सेंटरला जायचो तिथे दार बंद असायचं. आतून रडण्याचा आवाज यायचा. विचारलं की सांगायचे, "आई दिसली की तो लाडात येतो." चार महिन्यांनी कळलं की पाऊण तास त्याचे हात टेबलावर दाबून धरायचे आणि ठोकळे रचून घ्यायचे. त्यानंतर कितीतरी दिवस घरातलं जेवणाचं टेबल दिसलं तरी तो मागे सरायचा. ते चार महिने मी स्वतःला माफ केलेले नाहीत.

मुलासोबत पाऊण तास थेरपिस्ट असते, बाकीचा जागेपणीचा सगळा वेळ तुम्ही. म्हणून शिकवायचं आहे ते खरं तर तुम्हाला. याचा आपल्याच भागातला पुरावा आहे. २०१६ मध्ये गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी इथे झालेल्या चाचणीचे निकाल आले. २ ते ९ वर्षांच्या ६५ मुलांपैकी निम्म्यांच्या पालकांना प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी दर पंधरा दिवसांनी एक अशी १२ सत्रं दिली. कार्यकर्ते मोठ्या पदव्यांचे तज्ज्ञ नव्हते. पद्धत साधी होती: आई मुलाशी खेळते त्याचा व्हिडिओ काढायचा, मग दोघांनी मिळून तो बघायचा आणि मूल कधी प्रतिसाद देतं ते शोधायचं. या मुलांमध्ये आईबाबांशी स्वतःहून संवाद सुरू करणं वाढलं.

आमच्या दुसऱ्या थेरपिस्टने हेच केलं. ती म्हणाली, "त्याला खोलीत कुठे बसायला आवडतं?" मी म्हटलं, कुलरसमोर. तो तासन्‌तास कुलरच्या गवतावरून ठिबकणारं पाणी बघत बसायचा आणि मी त्याला तिथून उचलत असायचे. ती म्हणाली, "उचलू नका, शेजारी बसा." मी बसले. थेंब पडला की "टप" म्हणायचं आणि थांबायचं, एवढंच. पाचव्या की सहाव्या दिवशी थेंब पडला, मी मुद्दाम गप्प राहिले, आणि त्याने माझ्याकडे बघितलं. एक सेकंदभर. "टप" म्हणायला त्याला आणखी तीन आठवडे लागले.

घरात मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी. मुलाशी एकाच भाषेत बोला असं सांगतात. कोणत्या?

तुम्हाला ज्या भाषेत लाड करता येतात आणि रागावता येतं, त्या भाषेत. एकाच भाषेत बोलण्याचा सल्ला नागपुरात जवळजवळ प्रत्येक घराला मिळतो आणि बहुतेक वेळा तो "इंग्रजीतच बोला" असाच असतो. दोन भाषा ऐकल्याने ऑटिस्टिक मुलाचं बोलणं आणखी लांबतं, असं अभ्यासांत दिसलेलं नाही.

उलट बाजूचं नुकसान मी पाहिलंय. ज्या आजीला इंग्रजी येत नाही ती गप्प होते. घरात दिवसभर सगळ्यात जास्त बोलणारं माणूसच मुलापासून तुटतं. आईही "कम, सिट, गिव्ह" एवढ्या तीन शब्दांवर येते, कारण तिला पुढचं सुचत नाही. मुलाला वाक्यं ऐकायला मिळत नाहीत, हुकूम तेवढे मिळतात. आमच्या ओळखीच्या एका घरात आबाजी नातवाशी पक्क्या वऱ्हाडीत बोलतात, "काय करून रायला रे पोट्ट्या?" आणि ते पोरगं त्यांच्याच मागे मागे फिरतं. आबाजींचं ते बोलणं कुणीही दुरुस्त करू नये असं मला मनापासून वाटतं.

मूल यूट्यूबवरून इंग्रजी रंग आणि एबीसीडी म्हणत असेल तर त्याला अडवू नका, त्यात सामील व्हा. "रेड" म्हणालं तर "हो, लाल चेंडू!" म्हणा. थेरपिस्ट हिंदी बोलणारी असेल तरी चालतं, फक्त पहिले कामाचे शब्द घरातलेच घ्या: "दे", "नको", "अजून", "झालं".

चित्रांची कार्डं किंवा मोबाईलवरचं बोलणारं ॲप दिलं तर बोलायचा आळस करेल का?

नाही करणार. ही भीती मलाही होती आणि तिच्यापायी मी एक वर्ष घालवलं. अभ्यास सांगतात की चित्रं किंवा ॲप दिल्याने बोलणं थांबत नाही, काही मुलांचं तर थोडं वाढतंच. कार्ड देऊन वस्तू मागण्याची पेक्स ही पद्धत १९८५ पासून वापरात आहे. ॲपमध्ये चेन्नईत तयार झालेलं आवाज आणि आयआयटी मुंबईचं मोफत जेलो ही आपल्याकडची नावं. सुरुवात फुकटातही होते: माठाचा फोटो काढा, छापा, माठाशेजारी त्याच्या हाताला येईल असा चिकटवा. त्याने फोटोला हात लावला की लगेच पाणी द्या. आधी "बोल पाणी, मग देते" असं म्हणू नका. तहानलेल्या मुलाची परीक्षा घ्यायची नसते.

औषध द्यावं लागतं का?

ऑटिझमच्या मूळ लक्षणांवर औषध नाही. स्वतःला मारून घेणं, टोकाची चिडचिड अशा वेळी तज्ज्ञ कधीकधी रिस्पेरिडोन किंवा ॲरिपिप्राझोल देतात. अमेरिकेत रिस्पेरिडोनला ५ वर्षांपुढे आणि ॲरिपिप्राझोलला ६ वर्षांपुढे अशी मान्यता आहे. वजन वाढतं, सुस्ती येते, म्हणून नियमित तपासणी हवी. झोपेसाठी मेलाटोनिनही डॉक्टरांना विचारूनच. फिट्स किंवा अतिचंचलता सोबत असेल तर त्यांचे उपचार वेगळे. २०२५ पासून ल्युकोव्होरिन या फोलिक ॲसिडच्या गटातल्या औषधाची फार चर्चा आहे. त्यावरच्या चाचण्या लहान आहेत, तेव्हा दुकानातून आणून स्वतःच सुरू करू नका.

स्टेम सेल, हायपरबेरिक ऑक्सिजन, दूध-गहू बंद... नातेवाईक रोज नवीन लिंक पाठवतात.

स्टेम सेल: नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं की ऑटिझमवर उपचार म्हणून त्याची शिफारस करता येत नाही. तरीही लोक शेत विकून लाखो रुपये घालतात. त्या पैशांत मुलाच्या कित्येक वर्षांच्या थेरपीची सोय होते. कुणी "मुंबईला चला, माझ्या ओळखीत झालंय" म्हणालं तर त्यांना एवढंच विचारा, ही मान्यता घेतलेली चाचणी आहे का? चाचणी असेल तर पेशंटकडून पैसे घेत नाहीत.

कीलेशन, म्हणजे शरीरातले जड धातू काढण्याची औषधं, जिवावर बेतू शकतात. २००५ मध्ये अमेरिकेत पाच वर्षांचं एक ऑटिस्टिक मूल त्यात दगावलं. हायपरबेरिक ऑक्सिजनचा, म्हणजे बंद पेटीत जास्त दाबाने ऑक्सिजन देण्याचा, फायदा सिद्ध झालेला नाही.

दूध-गहू बंद करण्याबद्दल थोडं सबुरीने. पुरावा पुरेसा नाही. आणि आपली बरीच मुलं मोजून पाच पदार्थ खातात. माझा मुलगा दोन वर्षं फक्त दहीभात, पोळी, केळं, एका ठराविक कंपनीचं बिस्कीट आणि धागे काढलेली संत्र्याची फोड एवढंच खायचा. त्याचं दही आणि पोळी काढून घेतली असती तर उरलं काय असतं? खरंच ॲलर्जी किंवा सीलिॲक आजार असेल तर गोष्ट वेगळी, पण तो तपासणीने ठरवा.

लसीमुळे झालं का?

नाही. लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा १९९८ चा गाजलेला लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. २०१९ मध्ये डेन्मार्कच्या ६,५७,४६१ मुलांच्या अभ्यासात एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लसीचा आणि ऑटिझमचा संबंध आढळला नाही. धाकट्याची लस चुकवू नका.

मोबाईलमुळे झालं का? लोक "व्हर्च्युअल ऑटिझम" म्हणतात.

ऑटिझम मोबाईलने होत नाही, तेव्हा स्वतःला दोष देणं आजपासून बंद करा. पण मोबाईल मुलाच्या हाकेची आणि उत्तराची वेळ खातो, हेही खरं. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन वर्षांखाली स्क्रीन नको आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको असं सांगते. मोबाईल काढून घेतल्यावर रिकामा झालेला वेळ तुमच्याने भरा, नाहीतर घरात फक्त रडणं उरतं. आणि "दोन महिने मोबाईल बंद करून बघू, मग तपासू" असं करू नका. दोन्ही एकाच दिवशी सुरू करा.

थेरपिस्ट खरी की खोटी, कसं ओळखायचं?

स्पीच थेरपिस्ट, स्पेशल एज्युकेटर आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी असते. तो क्रमांक मागा. ओटीची नोंदणी महाराष्ट्र राज्याच्या ओटी-पीटी परिषदेकडे असते. क्रमांक मागितल्यावर ज्यांना राग येतो तिथे पुन्हा जाऊ नका.

पण नोंदणी असली म्हणजे झालं असंही नाही. तीन महिन्यांची उद्दिष्टं लिहून मागा, आणि ती मोजता येतील अशी. "आय कॉन्टॅक्ट वाढवणे" हे उद्दिष्ट नाही. "दिवसातून पाच वेळा स्वतःहून कार्ड देऊन मागेल" हे उद्दिष्ट आहे. मी वहीत रोज एकच ओळ लिहायचे: आज त्याने स्वतःहून काय मागितलं. तीन महिन्यांत वही तिथेच राहिली तर थेरपिस्टशी बोला, पद्धत बदला. वर्षभराचे पैसे आगाऊ भरू नका.

खर्च झेपत नाही. सरकारी मदत काय मिळते?

आधी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. लहान वयात प्रमाणपत्र मुदतीचं मिळतं, मुदत संपण्याआधी नूतनीकरणाची तारीख भिंतीवर लिहून ठेवा. "शिक्का बसेल" म्हणून बरीच घरं वर्षानुवर्षं थांबतात. कार्ड तुमच्या कपाटात राहतं, ते कुणाला दाखवायचं हे तुम्हीच ठरवता.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य कवच आहे, त्यात थेरपीचा खर्चही येतो. आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही. प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या अवलंबितासाठी ७५ हजारांची आणि ८० टक्क्यांपुढे सव्वा लाखाची वजावट मिळते.

शाळेत घालायचं का? शाळा नाही म्हणते.

घाला. अपंगत्वाच्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही, हे २०१६ च्या कायद्यात आहे. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के जागांत महाराष्ट्रात दिव्यांग मुलं वंचित घटकात येतात, त्यांना उत्पन्नाची अट नाही. शाळा तोंडी नकार देते, लेखी कधीच देत नाही, म्हणून अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. पण नुसत्या नावावर जाऊ नका. आमच्यासाठी छोट्या वर्गाची, शांत बाई असलेली गल्लीतली बालवाडी मोठ्या इमारतीच्या शाळेपेक्षा चांगली ठरली. त्या बाईंना मी एका पानावर लिहून दिलं होतं: काय आवडतं, कशाने घाबरतो, शू लागल्यावर कशी खूण करतो. ते पान त्यांनी शेवटच्या दिवसापर्यंत कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलं होतं.

मीच थकून गेले आहे.

१४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. आठवड्यातले दोन तास मुलाला नवऱ्याकडे किंवा सासूबाईंकडे सोपवून बाहेर पडा. थेरपीला बाबांनीही आलंच पाहिजे, "मला सुट्टी नसते" हे उत्तर पुरेसं नाही.

सणावाराला, लग्नाला न्यायचं की घरीच ठेवायचं?

न्या, पण परतीचा रस्ता आधी ठरवून. मारबतीच्या मिरवणुकीत "घेऊन जा गे मारबत"चा आरडाओरडा आणि ढोलांचा दणका मोठ्या माणसालाही सोसवत नाही. आम्ही तिसऱ्या वर्षी पहिल्यांदा नेलं. आदल्या दिवशी त्याला मारबतीचे फोटो दाखवले, कानांवर आवाज कमी करणारे हेडफोन लावले, मिरवणुकीच्या रस्त्यावरच्या मावशीकडे वरच्या मजल्याच्या खिडकीत उभे राहिलो. सात मिनिटं त्याने पाहिलं. मग "झालं" म्हणाला आणि आत जाऊन झोपाळ्यावर बसला. आम्ही त्याला परत खिडकीत बोलावलं नाही.